क्लाउड नेटवर्कची घडण: सुरक्षा आणि बिल यांचा एकत्र इतिहास

एंटरप्राइझ सॉफ्टवेअर क्लाउडवर नेताना सर्व्हर हलवणे त्या मानाने सोपे जाते. खरी अडचण येते ती नेटवर्कची. बहुतेक संस्थांची नेटवर्क दोन गृहीतकांवर उभी राहिली होती: भिंतीच्या आतले सगळे विश्वासार्ह, आणि लाइनचे भाडे ठरलेले, मग तिच्यावरून कितीही डेटा जावो. क्लाउडमध्ये ही दोन्ही गृहीतके टिकली नाहीत.

१९८८ च्या मॉरिस वर्मनंतर, म्हणजे इंटरनेटवर आपोआप पसरलेल्या एका घातक प्रोग्रामनंतर, इंटरनेट आणि संस्थेचे अंतर्गत नेटवर्क यांच्यामध्ये फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणारी यंत्रणा, असणे हळूहळू सर्वमान्य झाले. १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने खासगी वापरासाठी आयपी पत्ते राखून ठेवले. त्यांतील १० ने सुरू होणाऱ्या एकाच गटात सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते आहेत. हे पत्ते वापरायला कोणाची परवानगी लागत नसल्यामुळे असंख्य संस्थांनी तेच घेतले, आणि आजही क्लाउडशी जोडणी करताना दोन्ही बाजूंना तीच पत्तामालिका निघाली की राउटिंग अडते. शाखा कार्यालये लीज्ड लाइनने, म्हणजे भाड्याच्या स्वतंत्र लाइनने, आणि पुढे एमपीएलएस या दूरसंचार कंपन्यांच्या खासगी नेटवर्क सेवेने मुख्यालयाला जोडलेली असत, आणि बाहेर जाणारे ट्रॅफिक मुख्यालयातील एकाच फायरवॉलमधून जाई. सगळी ॲप्लिकेशन्स मुख्यालयाच्या डेटा सेंटरमध्येच असल्याने ही रचना तेव्हा योग्यच होती.

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही भाड्याने सर्व्हर देणारी सेवा चाचणी स्वरूपात खुली केली, तेव्हा सर्व ग्राहकांचे सर्व्हर एकाच सपाट, सामायिक नेटवर्कमध्ये असत आणि त्यांना वेगळे ठेवण्याचे काम सिक्युरिटी ग्रुपचे, म्हणजे सर्व्हरभोवतीच्या फायरवॉलचे, नियम करत. नव्या कंपन्यांना ते चालले, पण ऑडिटला सामोरे जाणाऱ्या मोठ्या संस्थांना ते पटणे कठीण होते. ऑगस्ट २००९ मध्ये आलेली व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड, म्हणजे व्हीपीसी, हे ग्राहकाचे क्लाउडमधले स्वतंत्र खासगी नेटवर्क त्याचे उत्तर होते. सुरुवातीला तिला इंटरनेटचा स्वतःचा मार्गच नव्हता आणि व्हीपीएन या कूटबद्ध जोडणीने ग्राहकाच्या डेटा सेंटरमधूनच आत-बाहेर करता येई. म्हणजे संस्थेची जुनी भिंतच थोडी लांबवून दिली होती. २०११ मध्ये व्हीपीसीला थेट इंटरनेट आणि डायरेक्ट कनेक्ट ही समर्पित जोडणी मिळाली, डिसेंबर २०१३ पासून नवीन खात्यांना फक्त व्हीपीसीच देण्यात आली, आणि जुने सपाट नेटवर्क २०२३ मध्ये बंद झाले.

खर्चाची बाजू मात्र जुन्या सवयींना सर्वाधिक महागात पडली. क्लाउडमध्ये आत येणाऱ्या डेटाला सहसा शुल्क नसते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला असते, आणि ॲमेझॉनकडे दोन अव्हेलेबिलिटी झोनमधल्या, म्हणजे एकाच विभागातल्या वेगवेगळ्या डेटा सेंटर गटांमधल्या, देवाणघेवाणीवर दोन्ही दिशांना आकारणी होते. खासगी पत्त्यांच्या सर्व्हरना बाहेर जाण्याची वाट देणारा, डिसेंबर २०१५ मध्ये आलेला नॅट गेटवे तासाचे वेगळे आणि जीबीचे वेगळे पैसे घेतो. समजा, प्रायव्हेट सबनेटमधला, म्हणजे इंटरनेटवरून थेट न पोहोचता येणाऱ्या उपनेटवर्कमधला, एखादा सर्व्हर रोज रात्री ५०० जीबी बॅकअप त्याच विभागातील एस३ या ॲमेझॉनच्या साठवण सेवेमध्ये या गेटवेमार्गे पाठवतो. व्हर्जिनिया विभागातील ०.०४५ डॉलर प्रति जीबी दराने एका रात्रीचे २२.५ डॉलर आणि ३० रात्रींचे ६७५ डॉलर केवळ या वळणापायी जातात. मे २०१५ पासून उपलब्ध असलेला एस३ चा गेटवे एंडपॉइंट, म्हणजे व्हीपीसीतून एस३ कडे जाणारा थेट मार्ग, वापरला तर हेच शुल्क शून्य होते. ट्रॅफिकचे मार्ग ठरवणाऱ्या राउट टेबलमध्ये एक नोंद वाढते, एवढेच. शिवाय बॅकअपसाठी इंटरनेटचा मार्ग उघडा ठेवावा लागत नाही आणि कोणत्या बकेटमध्ये, म्हणजे एस३ मधल्या साठवणीच्या कप्प्यात, लिहिता येईल तेही एंडपॉइंटच्या पॉलिसीत बांधता येते. स्वस्त मार्ग अधिक सुरक्षितही असावा, असे या क्षेत्रात वरचेवर घडत नाही.

व्हीपीसींची संख्या वाढली तसा जोडणीचा प्रश्न आला. २०१४ मध्ये आलेले पीअरिंग, म्हणजे दोन व्हीपीसींची थेट जोडणी, तिसऱ्या व्हीपीसीकडे पुढे जात नाही, म्हणून १० व्हीपीसी एकमेकींशी जोडायच्या तर ४५ जोडण्या लागतात. नोव्हेंबर २०१८ च्या ट्रान्झिट गेटवेने, म्हणजे सगळ्या व्हीपीसींना जोडणाऱ्या मध्यवर्ती केंद्राने, हे जाळे सोडवले, पण प्रत्येक जोडणीचे तासाला आणि डेटाचे जीबीला शुल्क लावून. सगळे ट्रॅफिक एका तपासणी व्हीपीसीतून फिरवणारे आराखडे म्हणजे मुख्यालयाचा जुना फायरवॉलच पुन्हा बांधणे होय, फक्त आता टप्प्याटप्प्यावर मीटर बसलेला असतो.

भिंतीवरचा विश्वासही याच काळात ओसरला. फॉरेस्टर या संशोधन संस्थेचे जॉन किंडरवाग यांनी २०१० मध्ये झीरो ट्रस्टची, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या कोणावरही आपोआप विश्वास न ठेवण्याची, मांडणी केली, गुगलने २०१४ मध्ये त्याच विचाराचा आपला बियाँडकॉर्प आराखडा प्रसिद्ध केला, आणि अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये झीरो ट्रस्टला औपचारिक दस्तऐवजाचे रूप दिले. २०१९ चे कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचे प्रकरण याबाबतीत बोलके आहे. चुकीच्या पद्धतीने कॉन्फिगर केलेल्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलकरवी हल्लेखोराने सर्व्हरच्या मेटाडेटा सेवेकडून, म्हणजे सर्व्हरला त्याची स्वतःची माहिती देणाऱ्या सेवेकडून, तात्पुरते क्रेडेन्शियल (ओळखीच्या किल्ल्या) मिळवले आणि १० कोटींहून अधिक लोकांची माहिती उघडी पडली. फायरवॉल होता, पण त्याच्या रोलला, म्हणजे त्याला दिलेल्या ओळखीला, गरजेपेक्षा जास्त परवानग्याही होत्या. तेव्हापासून सबनेटच्या आखणीबरोबरच कोणत्या रोलला काय वाचता येईल याचा विचार अधिक होऊ लागला.

आयपीव्ही४ पत्त्यांच्या टंचाईचाही हिशेब आता बिलात आला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर आकारते, त्यामुळे सर्व्हर प्रायव्हेट सबनेटमध्ये ठेवून पुढे येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा एकच लोड बॅलन्सर उभा करण्याला आर्थिक कारणही मिळाले. युरोपीय संघाच्या डेटा ॲक्टनुसार १२ जानेवारी २०२७ पासून सेवादाता बदलणाऱ्या ग्राहकाकडून डेटा बाहेर नेण्याचे शुल्क घेता येणार नाही. ही सवलत सोडून जाणाऱ्यासाठी आहे. रोजच्या कामकाजात बाहेर जाणाऱ्या डेटाचा मीटर तिने थांबत नाही.