सात वर्षे नेमकी कुठून कुठपर्यंत? ऑलिव्हिया डी हॅविलंडच्या खटल्याची पार्श्वभूमी

२६ जुलै २०२० रोजी हॉलिवूडची अभिनेत्री ऑलिव्हिया डी हॅविलंड पॅरिसमध्ये वारली. वय १०४. दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांत 'गॉन विथ द विंड'मधली सोशिक मेलनी होती, एरॉल फ्लिनबरोबरची जोडी होती आणि सख्ख्या बहिणीशी असलेला अबोला होता. तिने वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओवर केलेल्या खटल्याला जेमतेम एक परिच्छेद. वास्तविक कॅलिफोर्नियातल्या कलाकारांच्या वकिलांना तिचे नाव पाठ आहे ते वेगळ्याच कारणाने. कुणालाही सात वर्षांपलीकडे कामाच्या करारात बांधून ठेवता येणार नाही, असे सांगणाऱ्या तिथल्या कामगार संहितेतल्या कलम २८५५ ला सगळे 'डी हॅविलंड कायदा' म्हणतात. कलम तिच्या खटल्याच्या आधीपासूनच होते, तिने फक्त न्यायालयाकडून त्याचा अर्थ लावून घेतला. पण तो 'फक्त' बराच महागात पडला.

तिच्या कारकिर्दीचा आरंभ झटपट सांगून टाकू, कारण तो सर्वत्र वाचायला मिळतो. जन्म १९१६ चा, टोकियोतला, आईवडील ब्रिटिश. अगदी लहान असतानाच ती कॅलिफोर्नियात आली. १९३४ मध्ये हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरच्या नाटकात ऐनवेळी हर्मियाची भूमिका मिळाली आणि तिथून वॉर्नर ब्रदर्सचा करार. १९३५ चा 'कॅप्टन ब्लड', १९३८ चा 'रॉबिन हुड'. नायकाने तलवार चालवायची आणि हिने काळजीने बघायचे, असा तो मामला. १९३९ मध्ये मेलनीची भूमिका मिळाली ती दुसऱ्या निर्मात्याकडे, तीही स्टुडिओप्रमुखाच्या पत्नीला मध्ये घालून परवानगी मिळवल्यावर. त्या भूमिकेला ऑस्करचे नामांकन मिळाले, १९४१ च्या एका चित्रपटासाठी आणखी एक मिळाले, आणि तोही चित्रपट दुसऱ्याच स्टुडिओचा. स्वतःच्या स्टुडिओत मात्र पुन्हा तेच गोड हसणे. भांडणाचे मूळ इथे आहे. पैशाचा वाद नंतरचा, आणि खरे तर दुय्यमच.

१९३६ चा तिचा करार त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच होता. पहिली मुदत ५२ आठवड्यांची, पुढे दर वर्षी करार वाढवायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क फक्त स्टुडिओला. नटीला नको असेल तर सोडून जाता येत नव्हते, स्टुडिओला नको असेल तर तो सोडून देऊ शकत होता. असे करत करत एकूण सात वर्षे. यात एक कलम असे होते, की तिने भूमिका नाकारली किंवा काम करण्यात कसूर केली तर करार स्थगित होईल. पगार बंद. ही स्थगिती किती काळ? नाकारलेली भूमिका दुसऱ्या कुणाला देऊन ती पूर्ण होईपर्यंत. आणि स्थगितीचा तो सगळा काळ कराराच्या शेवटाला जोडायचा. म्हणजे तुम्ही एक पटकथा परत पाठवली, त्या चित्रपटाचे काम बारा आठवडे चालले, तर बारा आठवडे बिनपगारी घरी बसायचे, त्या काळात बाहेर कुठे काम करायचे नाही, आणि तेच बारा आठवडे सात वर्षांच्या पुढे पुन्हा भरून द्यायचे. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा, आणि गुन्हा काय, तर नको ती भूमिका नको म्हणणे!

१९४३ च्या वसंतात तिची सात वर्षे भरली. स्टुडिओने हिशेब दाखवला: सुमारे सहा महिने अजून शिल्लक आहेत.

आता कायद्याकडे. इथे थोडे मागे जावे लागते, कारण निकालाची गंमत या मागच्या तारखांत आहे. १८७२ च्या कॅलिफोर्निया नागरी संहितेत तरतूद होती, की माणसाकडून वैयक्तिक सेवा घेण्याचा करार त्याच्यावर दोन वर्षांपलीकडे लादता येणार नाही. अट साधी आणि हेतूही साधा, कुणालाही कागदावर सही घेऊन जन्मभर बांधून ठेवता येऊ नये. १९१९ मध्ये दोनाची पाच वर्षे झाली, १९३१ मध्ये पाचाची सात. याच दशकांत लॉस एंजलिसच्या आसपास चित्रपटधंदा वाढत होता, हा योगायोग मानायचा असेल त्याने मानावा. १९१९ मध्येच दुसरी एक सोय झाली: वर्षाला किमान सहा हजार डॉलर देणारा मालक आपल्या कलाकाराला दुसरीकडे काम करण्यापासून मनाईहुकमाने रोखू शकेल. पुढे १९३७ मध्ये सात वर्षांची तरतूद नव्या कामगार संहितेत गेली. हा बदल वरवर कारकुनी वाटतो, पण कामगारांच्या संरक्षणासाठी केलेल्या संहितेत एखादे कलम जाऊन बसले, की ते मालकाच्या सोयीसाठी आहे असे म्हणणे अवघड होते.

याआधी एकीने प्रयत्न करून पाहिला होता. त्याच स्टुडिओची त्या वेळची सर्वांत तेजतर्रार अभिनेत्री बेटी डेव्हिस १९३६ मध्ये भूमिकांना कंटाळून इंग्लंडला निघून गेली. स्टुडिओने लंडनच्या न्यायालयात तिच्यावर मनाईहुकूम आणला आणि ती हरली. परत आल्यावर तिला चांगल्या भूमिका मिळाल्या हे खरे, पण बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. दोन्ही खटले नेहमी एका दमात सांगितले जातात, ते मात्र बरोबर नाही. लंडनमधला प्रश्न करार चालू असताना बाहेर काम करता येईल का, हा होता. ऑलिव्हियाचा प्रश्न करार संपला आहे की नाही, हा होता. तिच्या वकिलाने नेमके हेच ओळखले आणि भूमिकांच्या दर्जावर, अपमानावर, कलेच्या स्वातंत्र्यावर एक शब्द खर्च न करता मोजणीवर सगळा भर दिला.

ऑगस्ट १९४३ मध्ये दावा दाखल झाला. स्टुडिओने इतर निर्मात्यांना पत्रे आणि तारा पाठवल्या, ही आमच्या कराराखाली आहे, काम द्याल तर बघा. त्यानंतर सुमारे दोन वर्षे कॅमेऱ्यासमोर ती उभी राहू शकली नाही. आधीच चित्रित झालेला 'डिव्होशन' १९४६ पर्यंत डब्यात पडून होता. या काळात ती अलास्का, अल्यूशियन बेटे, दक्षिण पॅसिफिक इथल्या लष्करी रुग्णालयांत जखमी सैनिकांना भेटत फिरत होती. फिजीत तिला न्यूमोनियाने गाठले. खटल्याचा खर्च, तिच्या सांगण्याप्रमाणे, सुमारे तेरा हजार डॉलर झाला आणि तो तिने पदरचा केला. मार्च १९४४ मध्ये खालच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. ८ डिसेंबर १९४४ ला अपील न्यायालयाने तो कायम केला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

वादाची गाठ अशी होती. कलम म्हणते, सेवेला आरंभ झाल्यापासून सात वर्षांपलीकडे करार लादता येणार नाही. स्टुडिओचे म्हणणे, सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष केलेल्या कामाची सात वर्षे; जे दिवस तिने काम केलेच नाही ते मोजायचे कसे? ऐकायला हे अगदीच अवाजवी नाही. पगारी माणूस सात वर्षांपैकी तीन वर्षे रुसून बसला तर मालकाने काय करावे, हा प्रश्न खरा आहे. ऑलिव्हियाच्या बाजूचे म्हणणे, सात वर्षे म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची सात वर्षे, मधे काहीही घडो.

अपील न्यायालयाने कॅलेंडर उचलून धरले. कामाचीच वर्षे मोजायची म्हटली तर स्थगितीमागून स्थगिती लावत करार कितीही काळ ताणता येईल, आणि मग मर्यादा घालण्याला अर्थच उरणार नाही. स्टुडिओचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता: स्थगितीचा काळ जोडायला तिने स्वतःच सही करून मान्यता दिली आहे, मग आता तक्रार कसली? न्यायालयाचे उत्तर असे, की हे संरक्षण तिच्या एकटीच्या फायद्यासाठी दिलेले नाही. काम करणाऱ्या सगळ्यांसाठी, लोकहितासाठी आहे. लोकहितासाठी केलेला कायदा दोघांनी आपसात करार करून बाजूला सारता येत नाही. माझ्या मते निकालाचा जीव या दुसऱ्या भागात आहे. पहिला भाग शब्दार्थाचा, कुणी वेगळाही लावला असता. पण सही घेण्याची ताकद ज्याच्या हातात आहे त्याने संरक्षणावरही सही घेऊन टाकावी, ही वाट या निकालाने बंद केली.

या निकालाने स्टुडिओंची सद्दी संपवली असे नेहमी लिहिले जाते. ते फुगवलेले आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंना चित्रपटगृहांची मालकी सोडायला भाग पाडणारा निकाल दिला, पाठोपाठ दूरचित्रवाणी आली. खरे धक्के ते होते. डी हॅविलंड निकालाने दिले ते निश्चित तारखेला मोकळे होण्याचे आश्वासन. युद्धावरून परतलेल्या नटांना त्याचा लगेच उपयोग झाला, कारण सैन्यातली वर्षेही करारात मागे जोडली जाण्याची भीती गेली. तिने स्वतः त्या मोकळिकीत १९४६ चा 'टू ईच हिज ओन' आणि १९४९ चा 'द एअरेस' केला आणि दोन्हींसाठी मुख्य अभिनेत्रीचे ऑस्कर घेतले. पन्नासच्या दशकात ती पॅरिसला गेली, ती तिथलीच झाली. बहिणीच्या भांडणावर कितीतरी लिहिले गेले आहे, इथे त्यात भर नको.

निकालानंतर प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. पुढची पळवाट अशी: सात वर्षे भरत आली की जुना करार फाडायचा आणि नव्यावर सही घ्यायची, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यावर. २००१ मध्ये एका नामवंत बॉक्सरच्या खटल्यात संघीय न्यायालयाने हे मान्य केले नाही. दोन करारांच्या मधे माणूस खरोखर मोकळा झाला होता का, हे पाहावे लागेल, नुसता कागद बदलून भागणार नाही, असा त्याचा रोख.

संगीताचा मामला आणखी गुंतागुंतीचा. रेकॉर्ड कंपन्यांचे करार वर्षांत नसतात, अल्बमांत असतात; सात अल्बम द्यायचे म्हटले तर सात वर्षांत ते क्वचितच होतात, दौरे आणि प्रसिद्धी कंपनीच ठरवते. १९७९ मध्ये एका लोकप्रिय गायिकेच्या प्रकरणात (योगायोगाने तीही ऑलिव्हियाच) अपील न्यायालयाने कंपनीचा मनाईहुकूम मूळ मुदतीपलीकडे चालेल का याबद्दल शंका व्यक्त केली आणि कंपन्या हादरल्या. मग त्यांनी विधिमंडळाची वाट धरली. १९८७ मध्ये कलम २८५५ ला उपकलम जोडले गेले: गायकाला सात वर्षांनी जायचे असेल तर लेखी नोटीस द्यावी, आणि न दिलेल्या अल्बमांची नुकसानभरपाई कंपनी मागू शकेल. दार उघडे, पण उंबरठ्यावर बिल. नट, लेखक, बॉक्सर, बातमीदार यांना एक नियम आणि गायकांना दुसरा, याचे पटणारे समर्थन मला तरी कुठे वाचायला मिळाले नाही. कंपन्या म्हणतात, नव्या गायकांपैकी बहुतेकांवर पैसा बुडतो, तो चार यशस्वी गायकांकडून वसूल करावा लागतो. चित्रपट निर्मात्यांचे तरी वेगळे काय असते?

२००१-०२ मध्ये हे उपकलम काढून टाकण्यासाठी गायकांनी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, साक्षी दिल्या, विधेयक आले आणि बारगळले. २००८ मध्ये सात वर्षांचा नियम पुढे करून निघू पाहणाऱ्या एका रॉक बँडवर कंपनीने तीन कोटी डॉलरचा दावा ठोकला. वर्षभरात समझोता झाला, बँड त्याच कंपनीत राहिला. त्या बँडचा गायक पुढे पॅरिसला जाऊन ऑलिव्हियाला भेटून आला. २०२१ आणि २०२२ मध्ये पुन्हा विधेयके आली, पुन्हा अडकली.

तिचा स्वतःचा न्यायालयाशी संबंध मात्र एका पराभवाने संपला. २०१७ मध्ये, १०१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तिने एका दूरचित्रवाणी मालिकेवर दावा लावला: परवानगीशिवाय माझे पात्र दाखवले आणि माझ्या तोंडी न शोभणारे शब्द घातले. खालच्या न्यायालयाने दावा पुढे चालू दिला, पण मार्च २०१८ मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कारण देऊन तो फेटाळला, आणि जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. हा निकाल योग्यच होता असे मला वाटते, तिच्याबद्दल कितीही आदर असला तरी.

दूरचित्रवाणीत सात वर्षांचा नियम आता रोजच्या वाटाघाटीत असतो. २०१२ मध्ये एका गाजलेल्या विनोदी मालिकेच्या कलाकारांनी, आमचे करार सात वर्षांहून जास्त काळ बांधतात म्हणून ते बेकायदा आहेत, असा दावा केला आणि काही दिवसांतच त्यांचे मानधन वाढले. स्ट्रीमिंग आल्यापासून नवे दुखणे सुरू झाले आहे. एका हंगामात आठ-दहा भाग, पुढचा हंगाम दीड-दोन वर्षांनी, आणि मधल्या काळात कलाकाराने दुसरी मालिका घ्यायची नाही, कंपनीने पुढचा हंगाम करायचा की नाही हे कळवेपर्यंत पैसेही नाहीत. कॅलेंडरची सात वर्षे इथे फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण बिनपगारी थांबणे त्या सात वर्षांच्या आतच घडते. ही वाट पाहण्याची मुदत कायद्याने बांधण्यासाठी २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात एक विधेयक आले होते. कलाकारांच्या संघटनेची कंपन्यांशी काही तडजोड झाल्यावर तेही मागे पडले.