स्टेफॉन मार्बरी (चीनमधली कारकीर्द)

स्टेफॉन मार्बरी हा अमेरिकन बास्केटबॉल खेळाडू, जन्म २० फेब्रुवारी १९७७, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. खेळायची जागा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल हातात घेऊन अख्ख्या टीमचा खेळ चालवणारा माणूस. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, तो १३ सीझन खेळला, दोनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडला गेला (२००१ आणि २००३), पण ही नोंद मुख्यतः त्याच्या नंतरच्या आठ वर्षांबद्दल आहे, जानेवारी २०१० ते फेब्रुवारी २०१८, जेव्हा तो चीनच्या प्रोफेशनल लीगमध्ये (सीबीए) खेळला, बीजिंग डक्स या टीमला २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन वेळा चॅम्पियन केलं आणि बीजिंगमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. अमेरिकन खेळाडू परदेशात खेळायला गेला की आपल्याकडेही लोक लगेच म्हणतात की संपला आता, पेन्शनचे दिवस. मार्बरीच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे, त्याचं सगळ्यात मोठं काम तिकडेच झालं असं माझं ठाम मत आहे.

आधीची पार्श्वभूमी

कोनी आयलंड हा ब्रुकलिनच्या टोकाचा, समुद्राला लागून असलेला भाग, तिथल्या सरकारी वसाहतीतल्या इमारतीत तो वाढला. सात भावंडं. मोठे भाऊही बास्केटबॉल खेळायचे आणि घरात सगळ्यांचं स्वप्न एकच की कोणीतरी एनबीएपर्यंत पोचावं, ते पोचणं याच्या वाट्याला आलं. लिंकन हायस्कूल, मग जॉर्जिया टेकमध्ये एकच वर्ष, आणि १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम्स नवीन खेळाडू निवडतात त्यात, चौथा नंबर. मिलवॉकीने निवडलं आणि रे ॲलनच्या बदल्यात त्याच दिवशी मिनेसोटाला दिलं. पुढे न्यू जर्सी, फीनिक्स, आणि जानेवारी २००४ मध्ये घरची टीम न्यूयॉर्क निक्स. आकडे भारी होते, मॅचमागे सरासरी १९.३ पॉइंट्स आणि ७.६ असिस्ट (ज्या पासवर सोबत्याने बास्केट केली तो पास), पण जिथे गेला तिथून निघाला तेव्हा मागे कटुता राहिली, आणि टीम जिंकत नाही हा शिक्का बसला तो बसलाच. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्पेनविरुद्ध ३१ पॉइंट्स केले, तेव्हाचा तो अमेरिकेचा ऑलिम्पिक रेकॉर्ड होता, पण ती टीम ब्रॉन्झवर थांबली आणि लोकांच्या लक्षात ब्रॉन्झच राहिलं.

निक्समध्ये सगळं बिघडलं. कोचशी पटेना, डिसेंबर २००७ मध्ये वडील गेले, त्याच्याच मॅचच्या वेळी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. पुढच्या सीझनला वर्षाला २ कोटी डॉलरच्या वर पगार घेणारा हा माणूस बेंचवरच बसून होता, शेवटी फेब्रुवारी २००९ मध्ये करार मोडला आणि उरलेला सीझन त्याने बोस्टनसाठी काढला. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने २४ तास स्वतःला इंटरनेटवर लाइव्ह दाखवलं, त्यात तो व्हॅसलिन खाताना दिसला, रडताना दिसला, आणि अमेरिकेत त्याची चेष्टा झाली. त्या काळात आपण नैराश्यात होतो, जगावंसं वाटत नव्हतं हे त्याने नंतर स्वतः उघडपणे सांगितलंय, म्हणून ते व्हिडिओ आता बघताना हसू येत नाही.

एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. २००६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचे स्टारबरी बूट बाजारात आणले, किंमत १४.९८ डॉलर, आणि हेच बूट घालून तो एनबीएच्या मॅचेस खेळला, कारण मोठ्या कंपन्यांचे शंभर-दीडशे डॉलरचे बूट कोनी आयलंडच्या मुलांच्या आईबापांना परवडत नाहीत हे त्याने घरातच बघितलं होतं. बूट विकणारी दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि धंदा बसला. चीनला जाण्यामागे हे बूट तिथे विकायचे हाही एक विचार होता.

शान्शी आणि फोशान

जानेवारी २०१० मध्ये तो शान्शी प्रांताच्या राजधानीत, तैयुआनला उतरला, तिथल्या टीमसाठी खेळायला. शान्शी हा कोळसा आणि पोलादाचा प्रांत, थंडी कडाक्याची, आणि टीम तळाजवळची. सीबीएमध्ये तेव्हा नियम असा होता की प्रत्येक टीमला दोनच परदेशी खेळाडू, आणि कुठल्या क्वार्टरमध्ये ते किती खेळणार यावरही बंधनं, त्यामुळे त्या दोघांकडून अपेक्षा अशी की तुम्हीच तीस-चाळीस पॉइंट्स करा आणि मॅच काढून द्या. नाही जमलं तर दोन आठवड्यांत विमानाचं तिकीट. बहुतेक अमेरिकन तिथे याच हिशोबाने यायचे, हॉटेलात राहायचे, पैसे घ्यायचे आणि सीझन संपला की घरी.

मार्बरी अर्ध्या सीझनमध्ये आला, १५ मॅचेस खेळला, सरासरी जवळपास २३ पॉइंट्स आणि साडेनऊ असिस्ट, आणि ऑल-स्टार मॅचमध्ये एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला. तो आला की स्टेडियम भरायचं. पण पुढच्या सीझनला शान्शीने त्याला ठेवलं नाही. मग २०१०-११ मध्ये दक्षिणेतल्या फोशानला एक सीझन काढला, टीम प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंतसुद्धा गेली नाही. इथे दुसरा कोणी असता तर बॅग भरून परत गेला असता.

बीजिंग

२०११ मध्ये बीजिंग डक्सने त्याला घेतलं. डक्स म्हणजे बदकं, मालक शौगांग ही पोलाद कंपनी, कोच मिन लुलेई. लीग १९९५ ची, पण राजधानीच्या या टीमने ती एकदाही जिंकलेली नव्हती. सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागी, रँडॉल्फ मॉरिस होता जो निक्समध्ये मार्बरीसोबत खेळलेला, बाकी बहुतेक चिनी पोरं. सुरुवातीलाच ओळीने १३ मॅचेस जिंकल्या. योगायोग म्हणजे त्याच वर्षी एनबीएमध्ये लॉकआउट होता, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती, केनियन मार्टिन, जे. आर. स्मिथ, विल्सन चँडलर असे मोठे खेळाडू चीनला आले होते, करारात मध्येच परत जायची सोय नव्हती आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं लक्ष अमेरिकेकडेच लागलेलं. मार्बरीला परत जायचंच नव्हतं, फरक तिथे होता.

फायनल ग्वांगडोंगशी. ग्वांगडोंग म्हणजे तेव्हाची दादा टीम, आधीची सलग चार टायटल्स त्यांची आणि एकूण सात. मॅचेस वुकसोंगच्या इनडोअर स्टेडियममध्ये ठेवल्या, जिथे २००८ ऑलिम्पिकचं बास्केटबॉल झालं होतं, कारण डक्सचं नेहमीचं मैदान छोटं पडत होतं. ३० मार्च २०१२, पाचवी मॅच, बीजिंग ३-१ ने पुढे. १२४-१२१ असा स्कोअर लागला आणि त्यातले ४१ एकट्या मार्बरीचे, वय ३५. खेळ संपल्यावर गर्दी नाचत होती आणि हा बाजूला बसून लहान मुलासारखा रडत होता. अमेरिकेतल्या इतक्या वर्षांत त्याने कधी ट्रॉफी उचलली नव्हती, ती इथे मिळाली.

त्याच वर्षी स्टेडियमबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा लागला. जिवंत, अजून खेळत असलेल्या परदेशी खेळाडूचा पुतळा चीनच्या राजधानीत उभा राहणं ही साधी गोष्ट नाही.

मग २०१४ ला शिनजियांगला ४-२ हरवून दुसरं टायटल, तोपर्यंत एनबीएच्या लेकर्सकडून खेळून आलेला चिनी खेळाडू सुन युए टीममध्ये आला होता, आणि २०१५ ला ल्याओनिंगला ४-२ हरवून तिसरं, त्या वेळी फायनलचा एमव्हीपी मार्बरी. २०१३ मध्ये परदेशी खेळाडूंचा एमव्हीपी पुरस्कार त्याला मिळाला होता.

खेळात काय बदललं हे नीट बघण्यासारखं आहे. तरुणपणीचा मार्बरी थेट बास्केटकडे घुसायचा, त्याला अडवणं अवघड होतं. बीजिंगमध्ये गुडघे पूर्वीसारखे राहिले नव्हते, मग तो पिक अँड रोलवर (सोबती आधी डिफेंडरला अडवतो आणि मग बास्केटकडे वळतो ती चाल) मॉरिसला बॉल द्यायचा, डिफेन्स आत गोळा झाला की कोपऱ्यातल्या चिनी शूटरला शोधायचा, त्याचा शॉट चुकला तर पुढच्या वेळी परत त्यालाच पास. चिनी खेळाडूंना हे नवीन होतं, कारण परदेशी खेळाडू आपल्याला बॉल देत नाही हीच तिथली सवय.

लाओ मा

चिनी भाषेत त्याचं नाव मा बू ली असं लिहितात, त्यातल्या ‘मा’चा अर्थ घोडा, म्हणून लोक प्रेमाने लाओ मा म्हणायला लागले, म्हातारा घोडा. चिनी म्हणच आहे की म्हातारा घोडा वाट चुकत नाही. दुसरं नाव ‘चंग-वेई’, म्हणजे सैन्यातला पॉलिटिकल कमिसार, जवानांचं मनोबल सांभाळणारा अधिकारी, कारण टाइमआउटमध्ये हरलेल्या चेहऱ्याच्या पोरांना समजावत, खांद्यावर हात टाकत तो जे बोलायचा ते टीव्हीवर दिसायचं. तो बीजिंगच्या मेट्रोने सुद्धा फिरायचा, लोक ओळखून फोटो काढायचे. चायना डेली या पेपरमध्ये कॉलम लिहिला. २०१४ मध्ये त्याच्याच आयुष्यावरच्या संगीत नाटकात स्वतःची भूमिका केली, त्याच वर्षी बीजिंगचं मानद नागरिकत्व मिळालं, आणि २०१६ मध्ये चीनचं ग्रीन कार्ड, जे परदेशी माणसाला सहजासहजी मिळत नाही.

इतर देशांतले अमेरिकन

परदेशात नाव काढणारा मार्बरी एकटा नाही. काइल हाइन्स चार वेळा युरोलीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात वरची क्लब स्पर्धा, जिंकला, दोनदा ऑलिंपियाकोस आणि दोनदा सीएसके मॉस्कोसोबत. जे. आर. होल्डनला रशियाचं नागरिकत्व मिळालं आणि २००७ च्या युरोपियन चॅम्पियनशिपच्या फायनलचा निर्णायक शॉट त्याचा होता. पण हे दोघं एनबीएचे स्टार नव्हते, करिअर त्यांनी युरोपातच उभं केलं. मार्बरी वरून खाली आला, लोकांनी टाकून दिल्यावर आला, म्हणून त्याची गोष्ट जास्त लागते.

शेवटची वर्षं

२०१७ मध्ये डक्सने त्याला खेळाडू म्हणून पुढे ठेवायचं नाही असं ठरवलं, पण त्याला अजून एक वर्ष खेळायचं होतं, तर तो बीजिंगच्याच दुसऱ्या टीममध्ये, फ्लाय ड्रॅगन्समध्ये गेला. ११ फेब्रुवारी २०१८ ला शेवटची मॅच, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला नऊ दिवस बाकी, २० पॉइंट्स केले आणि टीम जिंकली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तो बीजिंग रॉयल फायटर्सचा हेड कोच झाला, टीम तीच, फक्त नाव बदललेलं.

मार्च २०२० मध्ये कोरोनाने न्यूयॉर्कची दाणादाण उडाली होती, हॉस्पिटलांना मास्क मिळत नव्हते, तेव्हा त्याने चीनमधल्या ओळखी वापरून एका सप्लायरशी बोलणी केली, १ कोटी एन-९५ मास्क, एक मास्क २.७५ डॉलरला, बाजारभावापेक्षा बराच कमी, आणि ते आपल्या शहराला मिळावेत म्हणून ब्रुकलिनच्या बरो प्रेसिडेंटमार्फत (शहराच्या त्या विभागाचा निवडून आलेला प्रमुख) प्रयत्न चालवले.