फ्रिक्वेन्सी बदलली, खरखर का बदलली?

एफएम केंद्राची फ्रिक्वेन्सी बदलली की साताऱ्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, “पॉवर कमी केली असणार, आधी कसं खणखणीत लागायचं!” त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात मात्र जुनी खरखर नेमकी तेव्हाच थांबलेली असते. दोघंही खरंच सांगत असतात. टॉवर तोच असतो आणि पॉवरही तेवढीच.

फ्रिक्वेन्सी वाढवली की रेंज वाढते, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख आवर्तनं), म्हणजे लहरीची लांबी ३ मीटरच्या आसपास. १०० वरून १००.५ वर गेलं तर त्या ३ मीटरमधले जेमतेम दीड सेंटिमीटर कमी होतात. एवढ्याने लहरीचा स्वभाव बदलत नाही. स्वभावात फरक असतो तो मीडियम वेव्ह, म्हणजे रेडिओचा लांब लहरींचा जुना पट्टा, आणि एफएम यांच्यात. सांगली आकाशवाणीची १२५१ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ २४० मीटर लांब. ती जमिनीला धरून जाते, टेकडीला वळसा घालून शिराळ्याकडच्या खोऱ्यांतही उतरते. एफएमच्या लहरीला डोंगर आडवा आला की मागे सावली पडते.

मग अर्ध्या मेगाहर्ट्झने घरातला रेडिओ का बिघडतो? खरी मजा इथेच आहे.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरात एकाच केंद्राच्या दोन लहरी पोचतात. एक थेट, दुसरी डोंगराच्या अंगावर आपटून परतलेली. परतलेली लहर ३०० मीटर जास्त चालून आली असं धरा. प्रकाशाच्या वेगाने ३०० मीटरला एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, लागतो. तेवढ्या वेळात १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची बरोबर १०० आवर्तनं होतात, १००.५ च्या लहरीची १००.५. फरक फक्त अर्ध्या आवर्तनाचा, पण तोच सगळा खेळ उलटवतो. दोन्ही लहरींचे चढ-उतार आधी जुळत असतील तर आता एकीच्या चढावर दुसरीचा उतार येतो आणि सिग्नल ढासळतो. आधी त्या एकमेकींना मारत असतील तर आता साथ देतात. शेजारच्या घरात हा जादा रस्ता वेगळा, म्हणून निकालही वेगळा. जादा रस्ता ३० मीटरच असेल तर फरक आवर्तनाच्या विसाव्या भागाएवढाच पडतो आणि कुणाला काही कळतही नाही.

जादा रस्ता काही किलोमीटरचा असला की आणखी एक भानगड होते. एफएममध्ये आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सीच मागेपुढे हलते, दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे बोलता बोलता सिग्नल स्वतःच त्या जुळण्या-न जुळण्यातून जात राहतो. निवेदकाने आवाज चढवला की ‘स’ आणि ‘श’ फाटतात ते यामुळेच. अशा वेळी रेडिओ दुरुस्तीला टाकून उपयोग नाही, त्यात बिघाड नसतोच.

नव्या फ्रिक्वेन्सीने रेडिएशन वाढलं, पाखरं मरतील, असे मेसेज अशा वेळी फिरतात. ते पुढे पाठवू नका. उन्हातल्या दृश्य प्रकाशाची फ्रिक्वेन्सी एफएमच्या सुमारे ५० लाख पट असते. १०० च्या जागी १००.५ झाल्याने पाखरांना काहीही होत नाही.

फ्रिक्वेन्सी बदलली की शेजारीही बदलतात, हे मात्र खरं. नव्या जागेच्या अगदी जवळ एखादं जोरदार केंद्र असेल तर स्वस्त रेडिओला दोघांतला फरक करता येत नाही. मीडियम वेव्हवर हा शेजारधर्म रीतसर ठरवलेला आहे. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पटींत बसवली गेली. सांगलीच्या १२५१ ला ९ ने भागून पाहा, पुरे १३९.

तेव्हा खरखर सुरू झाली तर एरियल पूर्ण उघडा आणि रेडिओ पाऊण मीटर सरकवा. ही लहरीची पाव लांबी आहे. डोंगरावरून परतलेली लहर समोरासमोर येत असेल, तर सिग्नल ढासळतो त्या जागेपासून चांगली जागा साधारण तेवढ्याच अंतरावर सापडते. खिडकीतून कपाटावर नेलेला रेडिओ अचानक स्वच्छ बोलू लागतो तो याच हिशेबाने. सरकवून काहीच फरक पडला नाही, तर मग शेजारच्या केंद्राचा संशय घ्या.