साकवाचा माड आणि दगडातला माड

गेल्या पावसाळ्यानंतर रिवणच्या बाजूची एक विद्यार्थिनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड घेऊन वर्गात आली. तळहाताएवढा, पिवळसर पांढरा, पापुद्रे सुटणारा दगड. एक पापुद्रा निघाला होता आणि आतल्या पाठीवर काळ्या शाईने काढावा तसा नेच्याचा झुबका उमटला होता. "टीचर, हा नेचा दगडात कसा गेला?" तिने विचारलं.

मी भिंग घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ पाहिलं आणि तिला सांगावं लागलं की हा नेचा नाही. रिवणच्या पट्ट्यात मँगनीजचं खनिज आहे. पावसाचं पाणी ते थोडंथोडं विरघळवत दगडाच्या केसाएवढ्या भेगेत शिरतं आणि तिथे मँगनीजचं ऑक्साइड काळ्या थराने साचू लागतं. साचणाऱ्या थराचं जे टोक जरा पुढे गेलेलं असतं त्याला ताजं पाणी आधी मिळतं, म्हणून ते आणखी पुढे जातं, त्याला फाटे फुटतात, फाट्यांना पुन्हा फाटे. दिसतो हुबेहूब नेचा, पण त्यात जीव कधीच नव्हता.

तिचा चेहरा उतरला. तरी तिने पुढचा प्रश्न विचारला, "मग खरा नेचा असता तर कसा दिसला असता?" मी म्हणाले, खऱ्या नेच्याच्या पर्णिकेला मधली शीर असते, तिला ठराविक अंतराने उपशिरा फुटतात, बुडाकडच्या पर्णिका मोठ्या आणि शेंड्याकडे लहान होत जातात. तुझ्या दगडावरच्या फांद्यांना असा नियम नाही, त्या वाट मिळेल तिकडे गेल्यात. उत्तर देऊन झालं, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. जीवाश्म वनस्पतींचा अभ्यास करणारा माणूस आयुष्यभर हाच एक प्रश्न विचारत असतो.

गोव्यात त्याला हा प्रश्न विचारायला दगड मात्र फारसे मिळत नाहीत. अनमोड घाटातले नाइस जातीचे खडक तीन अब्ज वर्षांहून जुने आहेत. ज्या पट्टेदार लोहखडकांवर आपल्या खाणी चालल्या, तेही अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. जमिनीवर वनस्पती आल्या त्या सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हे खडक तयार झाले तेव्हा पृथ्वीवर पान नावाची वस्तूच नव्हती. खाण कितीही खोल नेली तरी तिच्यात नेचा सापडणार नाही. सत्तरी तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनचा काळा पाषाण थोडा डोकावतो, पण वनस्पतींच्या अवशेषांसाठी ज्याची कीर्ती आहे तो दख्खन इथून पुष्कळ दूर, मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे आहे.

तिकडे वळण्याआधी बिरबल साहनींची ओळख करून द्यायला हवी. भारतात जीवाश्म वनस्पतींच्या शास्त्राचा पाया त्यांनी घातला. जन्म १८९१ चा, आता पाकिस्तानात असलेल्या भेरा गावचा. लाहोरला शिकले, मग केंब्रिजला गेले आणि तिथे अल्बर्ट सीवर्ड यांच्या हाताखाली तयार झाले. १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले, १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. ही सगळी माहिती कोणत्याही चरित्रकोशात मिळेल. मला त्यांच्या कारकिर्दीचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. दगडाला हात घालण्याआधी ते जिवंत झाडांपाशी बसले. नेचे, त्यांचे दूरचे आप्त, न्यू कॅलेडोनिया बेटावरचा एक सूचिपर्णी वृक्ष, यांच्या खोडांचे आणि बियांचे छेद घेऊन त्यांनी आतली रचना डोळ्यांत भरून घेतली.

त्यांचा १९१५ चा एक छोटा निबंध आहे, गिंको या झाडाविषयीचा. गिंकोचं पान पंख्यासारखं, आपल्या विहिरीतल्या हंसराजच्या पर्णिकेची आठवण करून देणारं. त्याचं बीजांड उघडं असतं. टोकाशी एक चिकट थेंब येतो, वाऱ्यावरचे परागकण त्याला चिकटतात आणि थेंब आटला की आत ओढले जातात. साहनींना या बीजांडांच्या आत गिंकोचे नसलेले, दुसऱ्याच झाडांचे परागकण दिसले. विशीतल्या त्या मुलाने लगेच दगडाचा विचार केला. जीवाश्म बीजांडाच्या आत परागकण सापडला, म्हणून तो त्याच झाडाचा असं धरून चाललो तर आपण दोन वेगळ्या झाडांचं लग्न लावून मोकळे होऊ.

हे मुलांना पटावं म्हणून मी एका फेब्रुवारीत मिरामारला मैत्रिणीच्या गच्चीत काचेच्या पट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर तीन कोपऱ्यांचे आणि प्रत्येक कोपऱ्याशी एक भोक असलेले कण जिकडेतिकडे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांचे. मधूनमधून गवताचे गोल, एका भोकाचे. अंगणातला आंबा मोहराने लदलेला होता, फांद्या जवळजवळ गच्चीत आलेल्या, पण त्याचा एकही कण मला पट्टीवर सापडला नाही. आंब्याचे पराग माशा आणि कीटक नेतात, सुरूचे वारा नेतो. ती पट्टी दगड होऊन कुणाला लाखो वर्षांनी मिळाली तर इथे आंबा नव्हता असंच तो लिहील.

आता माडाकडे येते. आमच्या गावच्या ओहोळावर माडाचा साकव होता. वादळात पडलेला जुना माड उभा चिरून दोन फाळी टाकलेल्या. लहानपणी त्याच्या कापलेल्या टोकाकडे मी खूपदा पाहिलं आहे. सागवानासारखी वर्तुळं नाहीत. फिकट भुशासारख्या गरात नुसते तपकिरी ठिपके, कडेला खच्चून भरलेले, मध्यावर विरळ. म्हणूनच माडाचा मधला भाग आधी कुजतो आणि कडेचा टणक भाग वर्षानुवर्षं टिकतो. भिंगाखाली एकेक ठिपका पाहिला तर त्याला बाहेरच्या अंगाला टणक तंतूंची काळसर टोपी असते आणि आतल्या अंगाला पाणी वाहून नेणाऱ्या एकदोन मोठ्या नळ्या.

दख्खनमध्ये सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत होते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची, काठाला झाडी वाढायची, आणि पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकायचा. ताज्या ज्वालामुखी खडकातली सिलिका पाण्यात विरघळून पडलेल्या खोडांत शिरली आणि पेशी कुजायच्या आत त्यांच्या भिंतीभिंतीवर बसली. लाकूड गेलं, पण त्याचा नकाशा गारेत राहिला. असं खोड हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने कापतात, काप काचेवर चिकटवतात आणि कार्बोरंडमच्या पुडीवर घासतात. तो मिलिमीटरच्या तीन शतांश भागाएवढा पातळ झाला की त्यातून उजेड आरपार जातो. हाताने घासणाऱ्याला शेवटची काही मिनिटं श्वास धरून काढावी लागतात. जरा जोर जास्त पडला तर कोट्यवधी वर्षं टिकलेली वस्तू पुडीत मिसळून जाते.

अशा कापांत साहनींना साकवाच्या टोकावरचेच ठिपके दिसले. १९४६ मध्ये त्यांनी दख्खनच्या थरांतलं नारळासारखं एक खोड वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं 'पामोक्सिलॉन सुंदरम्'. पामोक्सिलॉन म्हणजे ताडकुळातलं लाकूड, एवढंच. खोडासोबत पान, फूल, फळ काहीच नाही, तेव्हा हा नारळच असं छातीठोक म्हणता येत नाही. कुळ ओळखणं सोपं, कुळातला नेमका कोण हे सांगणं अवघड. त्यासाठी माड, पोफळ, भेर्ली माड, ताड, शिंदी या सगळ्यांची जिवंत खोडं आतून माहीत हवीत. पुण्याच्या टी. एस. महाबळे यांनी ताडकुळाचा अभ्यास असा जिवंत आणि जीवाश्म अशा दोन्ही टोकांनी केला. मराठी मुलखातल्या या माणसाची आठवण आपण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. जीवाश्मशास्त्रात एकाच झाडाला चार नावं असू शकतात. पान एका दगडात मिळतं, खोड दुसऱ्यात, बी तिसऱ्यात, म्हणून ज्याचं त्याला नाव द्यावं लागतं. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतल्या निपानिया गावच्या दगडांत खोड मिळालं ते 'पेंटॉक्सिलॉन', पानं 'निपानिओफायलम', बियांची कणसं 'कार्नोकोनायटिस'. हे तुकडे एकाच वनस्पतीचे आहेत हे साहनींनी शिरांच्या आणि पेशींच्या खुणा जुळवत दाखवलं आणि १९४८ मध्ये त्यांचा एक स्वतंत्र गट मांडला. आज जिवंत असलेल्या कोणत्याही गटात ही वनस्पती नीट बसत नाही. वर्गीकरण म्हणजे कपाटातल्या खणांना चिठ्ठ्या लावणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे काम पाहावं.

छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला निपा या पाणथळ ताडाचं फळही सापडलं आहे. निपा आज सुंदरबनात आणि अंदमानात खाऱ्या-गोड्या पाण्याच्या चिखलात वाढतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत त्याचं फळ मिळालं, म्हणजे त्या काळी समुद्राची एखादी खाडी तिथवर पोचली असावी, हा तर्क साहनींनी त्यावरूनच मांडला. चोडणची खारफुटी पाहिलेल्या माणसाला तो तर्क पटकन कळतो. खाजनाच्या बांधाच्या एका अंगाला भात आणि दुसऱ्या अंगाला कांदळ. पाण्यात मीठ किती हे झाडाकडे पाहूनच सांगता येतं.

याच माणसाच्या हातून एक मोठी चूक झाली आणि ती सांगितल्याशिवाय त्यांची कारकीर्द सांगितली असं मी म्हणणार नाही. आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतलं मीठ किती जुनं, यावर १९४० च्या दशकात मोठा वाद पेटला होता. भूवैज्ञानिकांचा एक पक्ष म्हणत होता की ते कँब्रियन काळाइतकं, म्हणजे पन्नास कोटी वर्षांइतकं जुनं आहे. साहनींनी मीठ आणि त्यासोबतचे खडक विरघळवून गाळ तपासला. त्यात लाकडाचे सूक्ष्म कण, पानांच्या त्वचेचे तुकडे, कीटकांचे अवशेष निघाले. जमिनीवर झाडं नसतानाच्या काळात लाकूड कुठून येणार? म्हणून हे मीठ बरंच अलीकडचं, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातलं, असं त्यांनी ठामपणे मांडलं. बाहेरचं काही मिसळू नये म्हणून त्यांनी काळजीही घेतली होती. पुढे निकाल विरुद्ध लागला. ते मीठ सुमारे ५४ कोटी वर्षांचं किंवा त्याहून जुनं आहे आणि लाकडाचे कण नंतर बाहेरून आत गेलेले होते.

मला यात विलक्षण वाटतं ते हे की परक्या परागकणापासून सावध राहा असं १९१५ मध्ये ज्याने लिहिलं, त्यालाच तीस वर्षांनी परक्या कणांनी फसवलं. यामुळे माझ्या मनात साहनी तसूभरही लहान होत नाहीत. कण खरे होते, ओळख खरी होती, लाकूड लाकूडच होतं. चुकलं ते एकच, ते तिथलंच आहे हे धरून चालणं.

१९४६ मध्ये त्यांनी लखनौला या शास्त्राची स्वतंत्र संस्था उभी केली. ३ एप्रिल १९४९ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. त्या कोनशिलेत जगभरातले जीवाश्म बसवले होते. बरोबर आठवड्याने, १० एप्रिलला साहनी गेले. संस्था त्यांच्या पत्नी सावित्री साहनींनी पुढे नेली.

गोव्याच्या खडकात पान नाही, पण गोव्यासमोरच्या समुद्रात आहे, निदान पानाची धूळ आहे. आपल्याच अक्षांशावर, किनाऱ्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या एका लांब नळकांड्यातले परागकण एलिस व्हॅन काम्पो यांनी मोजले आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे २२ ते १८ हजार वर्षांपूर्वी इथलं हवामान फार कोरडं होतं. मग पाऊस वाढत गेला आणि ११ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास सर्वांत दमट काळ आला. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे आजचं मांडवीचं मुख आणि मिरामारची वाळू तेव्हा पाण्यापासून फार दूर होती. हे सगळं वाचता येतं ते कांदळाचा परागकण कसा दिसतो हे आधी कुणी तरी जिवंत झाडाखाली उभं राहून पाहून ठेवलं म्हणून.

रिवणचा तो दगड आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, साकवाच्या तुकड्याशेजारी. चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'मँगनीजची नक्षी. वनस्पती नाही. रिवण, सांगे', आणि खाली आणणारीचं नाव, कारण नमुन्यावर गोळा करणाऱ्याचं नाव घालायचं असतं हे तिने मलाच ऐकवलं. पुढच्या आठवड्यात ती वहीच्या पानांत दाबलेला नेचा घेऊन आली. घरच्या विहिरीच्या चिऱ्यांतला हंसराज. काळा चकचकीत देठ, अर्धचंद्राच्या पर्णिका, कडा मागे दुमडून त्याखाली बीजाणू. दगड ठरल्याप्रमाणे तपासावा तशी तिने एकेक पर्णिका उजेडाकडे धरून तपासली होती.

"टीचर," ती म्हणाली, "ह्याच्या पर्णिकेला मधली शीर नाही."

मी पाहिलं. खरंच नव्हती. बुडापासून शिरा पंख्यासारख्या निघून दोनदोन फाटे फुटत कडेपर्यंत गेल्या होत्या, गिंकोच्या पानात जातात तशा. मी फळ्याकडे गेले आणि तिला सांगितलेला नियम पुसून नव्याने लिहायला घेतला.