थेट चर्चेतील संग्रहित चित्रफिती

जुने वृत्तपट, दूरचित्रवाणीचे संग्रह किंवा खासगी चित्रीकरण यांतून निवडलेले लहान तुकडे चालू चर्चेत, वक्ते आणि प्रेक्षक समोर असताना दाखवण्याची पद्धत. वृत्तवाहिन्यांवरचे वादसंवाद, निवडणुकीतल्या उमेदवारांच्या जाहीर चर्चा, चित्रपट महोत्सवांतले परिसंवाद आणि फिल्म सोसायट्यांचे अभ्यासवर्ग या सगळीकडे ती रुळली आहे. निवेदक बोलत असताना मागे फिरत राहणारी मोर्च्याची किंवा विधानभवनाची दृश्ये मात्र यात मोडत नाहीत; ती नुसती जागा भरतात. चर्चा थांबवून, आवाजासकट दाखवलेली आणि जिच्यावर समोरच्याला काहीतरी बोलणे भागच पडते, अशी फीत येथे अभिप्रेत आहे.

पडदा आणि चर्चा यांची सांगड घालणारा एक दीर्घायुषी कार्यक्रम फ्रान्सच्या दुसऱ्या वाहिनीवर झाला. ‘ले दोसिए द लेक्रां’ हा आर्मां जामो यांनी सुरू केलेला कार्यक्रम 1967 पासून 1991 पर्यंत चालला. आधी चित्रपट, मग त्याच विषयावर स्टुडिओत जाणकारांची चर्चा आणि प्रेक्षकांचे दूरध्वनीवरून आलेले प्रश्न, असा त्याचा साचा होता. त्यात चित्रपट आधी पूर्ण पाहून व्हायचा आणि वाद नंतर रंगायचा. वादाच्या मध्येच तुकडा घालण्याची रीत राजकीय मुलाखतींनी घडवली. अमेरिकेत एनबीसीच्या ‘मीट द प्रेस’मध्ये टिम रसर्ट (सूत्रधार 1991 ते 2008) पाहुण्याचे जुने वक्तव्य पडद्यावर दाखवत आणि लगेच त्यावर प्रश्न टाकत. तयारी न करता त्यांच्यासमोर बसणे भल्याभल्यांना जड जाई.

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा अमेरिकेतल्या 2016 च्या अध्यक्षीय उमेदवारीसाठीच्या दोन चर्चांत एकदम दिसली. 28 जानेवारीला आयोवातल्या डे मॉइन येथे फॉक्स न्यूजवरच्या रिपब्लिकन उमेदवारांच्या चर्चेत सूत्रधार मेगन केली यांनी मार्को रुबिओ आणि टेड क्रूझ या दोघांची स्थलांतराविषयीची जुनी वक्तव्ये जोडून दाखवली. डोनाल्ड ट्रम्प त्या रात्री आलेच नव्हते. 3 मार्चला डेट्रॉइटमध्ये पाळी त्यांची होती. अफगाणिस्तानातले युद्ध, सीरियातले निर्वासित आणि माजी अध्यक्ष बुश इराकबद्दल खोटे बोलले की नाही, या तीन बाबतींत ट्रम्प आधी काय म्हणाले आणि नंतर काय म्हणाले, ते लागोपाठ दाखवण्यात आले. अफगाणिस्तानच्या बाबतीत आपल्याला इराक म्हणायचे होते, असा खुलासा त्यांनी केला आणि यशस्वी माणसाला लवचीक राहावेच लागते, असेही सांगून टाकले. उमेदवारी पुढे त्यांनाच मिळाली. चित्रफितीने माणूस हरतो, असा समज करून घेणाऱ्या संपादकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. फितीने एवढेच साधते की उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तरही नोंदले जाते.

महाराष्ट्रात हे तंत्र घरोघर पोचले ते चर्चेतून नव्हे, जाहीर सभेतून. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी 6 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिवाजी पार्कवर सभा घेतली आणि पुढे राज्यभर सभा केल्या. ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हटले की मागच्या मोठ्या पडद्यावर नरेंद्र मोदींची जुनी भाषणे किंवा सरकारी जाहिराती सुरू होत. मनसेचा स्वतःचा एकही उमेदवार नव्हता. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीने जिंकल्या, पण ते वाक्य लोकांच्या तोंडी बसले ते कायमचे. सभेत फिरवलेल्या फितीला समोरून उत्तर नसते. लावणारा, बोलणारा आणि निकाल देणारा एकच असतो. भाजपच्या आशिष शेलार यांनी ‘बघाच तो व्हिडिओ’ म्हणत प्रत्युत्तर दिले, तेही वेगळ्या मंचावरून आणि आपल्याच फिती दाखवून. तंत्राच्या दृष्टीने त्या सभांतला सर्वांत जमलेला भाग मेळघाटातल्या हरिसाल या ‘डिजिटल गावा’चा होता. त्या गावाच्या जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच सोलापूरच्या सभेत व्यासपीठावर आणले गेले आणि पडद्यावरचा माणूस पडद्याबाहेर येऊन उभा राहिला.

थेट प्रक्षेपणात फीत चालवण्याचे काम नियंत्रण कक्षात, म्हणजे पीसीआरमध्ये होते. तुकडा आधीच सर्व्हरवर इनजेस्ट केलेला, म्हणजे उतरवून ठेवलेला, त्याची सुरुवात आणि शेवट ठरवलेला आणि त्याला स्लग, म्हणजे ओळखीचे छोटे नाव, दिलेला असतो. निर्माता टॉकबॅकवरून, म्हणजे कक्षातून बोलण्याच्या अंतर्गत यंत्रणेवरून, सूत्रधाराच्या कानात फीत तयार असल्याचे सांगतो, सूत्रधार वाक्य वळवून तिथवर आणतो आणि मग ती सुटते. सूत्रधाराने फितीतलेच वाक्य आधी बोलून दाखवले की मजा गेली. वाहिन्यांवर हे रोज घडते. कसलेला दिग्दर्शक फीत चालू असताना दुसऱ्या चौकटीत त्या पाहुण्याचा चेहरा ठेवतो. भुवई उडाली, पाणी प्यायला हात गेला, हे प्रेक्षक टिपतो. बाहेरगावहून जोडलेल्या पाहुण्याला बरेचदा नुसता आवाज ऐकू येतो आणि तोही उशिरा, त्यामुळे तो भलत्याच गोष्टीला उत्तर देऊन बसतो. सभागृहातल्या परिसंवादाची तऱ्हा निराळी. तिथे लॅपटॉपचा आवाज स्पीकरला पोचत नाही, कोणीतरी वायर हलवतो आणि मुद्दा निघून गेलेला असतो. लांबीचा नियम नाही. तरी अर्ध्या मिनिटाच्या आत वक्तव्याचा मागचा-पुढचा संदर्भ क्वचितच मावतो, आणि संदर्भ कापला की समोरच्याला ‘माझे वाक्य तोडून दाखवले’ म्हणायला वाट मिळते.

जुन्या फिल्मचे दुखणे वेगळेच. मूकपट सेकंदाला साधारण 16 ते 20 चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रित होत. बोलपटांचा वेग 24 ठरला. वेग न जुळवता तशीच फीत लावली की माणसे तुरुतुरु पळू लागतात. दांडीयात्रेची (1930) दृश्ये अशी लावली की गंभीर चर्चेत खसखस पिकते. जवळजवळ चौकोनी जुने चित्र आडव्या पडद्यावर ताणले की चेहरे बसके होतात. बाजूला काळी पट्टी सोडणे केव्हाही चांगले.

कोणत्या घटनेची फीत मिळते, यावर चर्चा कोणत्या बाजूला झुकेल हे पुष्कळदा ठरते. ब्रिटिश सरकारचा भारतातला वृत्तपट विभाग 1946 मध्ये बंद झाला आणि फिल्म्स डिव्हिजन 1948 मध्ये सुरू झाली. त्यामुळे 1947 च्या सत्तांतराच्या वेळी सरकारचा असा विभागच नव्हता, आणि त्या दिवसांची दृश्ये खासगी व परदेशी वृत्तपटांकडून घ्यावी लागतात. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी अनेक वर्षे राबून ते उभे केले. पण 8 जानेवारी 2003 रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या साठ्याला आग लागून नायट्रेटवरची, म्हणजे पूर्वीच्या सहज पेटणाऱ्या फिल्मवरची, जुनी रिळे गेली. नायट्रेट फिल्म भडकली की पाण्यानेही विझत नाही. उलट, ब्रिटिश पाथेने 2014 मध्ये आपले सुमारे 85,000 वृत्तपट यूट्यूबवर खुले केले. सहज हाती लागते तेच पुन्हापुन्हा दाखवले जाते, आणि आपल्या चर्चांतला स्वातंत्र्यलढा त्यामुळे बराचसा परदेशी कॅमेऱ्यातून दिसतो.

लेबलावर भरवसा ठेवण्याचा धोका मराठी प्रेक्षकाच्या ओळखीच्या उदाहरणातही आहे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (1913) म्हणून परिसंवादांत जी दृश्ये दाखवतात, त्यांतली बरीचशी त्यांनीच 1917 मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ‘भारतातले पहिले दृश्य’ म्हणत फीत सुरू करणाऱ्याने एवढे तरी आधी सांगावे.

कायद्याच्या दृष्टीने रीळ ज्याच्या ताब्यात असते त्याच्याकडे हक्क असतातच असे नाही. भारतीय प्रताधिकार कायदा, 1957 नुसार चित्रपटाचा प्रताधिकार प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी वाजवी वापराची सवलत कलम 52 मध्ये आहे. तुकडा लहान आहे एवढ्यावर ती मिळत नाही. तो कशासाठी दाखवला, हेही पाहिले जाते. चर्चेतल्या मुद्द्याला भिडणारी फीत या कसोटीला सहज उतरते. अडचण येते ती नुसत्या रंगतीसाठी लावलेल्या जुन्या गाण्याच्या वेळी.