पहिलं घर आणि मुद्रांक शुल्क: ब्रिटनमधल्या सवलतीची पार्श्वभूमी

घरखरेदीवरचा ब्रिटनमधला कर मुळात घरावर नव्हताच, कागदावर होता. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून १६९४ साली इंग्लंडने दस्तांवर मुद्रांक शुल्क बसवलं. मुदत चार वर्षांची. युद्ध संपलं, शुल्क मात्र राहिलं. तात्पुरत्या करांचं बहुधा असंच होतं.

१९८४ ते १९९७ या काळात ठरावीक किमतीच्या वरच्या घरांना सरसकट १ टक्का दर होता. गॉर्डन ब्राउन अर्थमंत्री झाले आणि महागड्या घरांचे दर चढू लागले. २००० पर्यंत वरचे टप्पे ३ आणि ४ टक्क्यांवर गेले. खरी गोची टक्केवारीत नव्हती, आकारणीच्या पद्धतीत होती. टप्पा ओलांडला की वाढीव रकमेवर नव्हे, पूर्ण किमतीवर वरचा दर लागायचा. २,५०,००० पौंडांच्या घराला २,५०० पौंड कर. किंमत एका पौंडाने वाढली की ७,५००. साहजिकच २,५५,००० ला घर विकायला कुणी काढेना. काही जण घराची किंमत अडीच लाखांवरच ठेवून गालिचे आणि पडद्यांचे पैसे वेगळे लावत, आणि त्या पडद्यांच्या भावावर करखात्याची नजर असे.

हा कर रोखीने भरावा लागतो. जुनं घर विकून नवं घेणाऱ्याच्या हातात विक्रीचा पैसा असतो. पहिलं घर घेणाऱ्याकडे असते ती साठवलेली बचत, आणि ती कर्जाआधीच्या अनामत रकमेतच संपलेली असते. म्हणून सवलतीची मागणी जोर धरत गेली.

मार्च २०१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी पहिल्या घराला अडीच लाखांपर्यंत करमाफी दिली, दोन वर्षांसाठी. करखात्याने नंतर स्वतःच पडताळून पाहिलं, तर लाभ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी माफी नसती तरी घर घेतलंच असतं, असं दिसलं. सवलत मुदतीनंतर बंद झाली. डिसेंबर २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी टप्प्यांचा तो घोळ मिटवला. वरचा दर फक्त वरच्या रकमेवर लागू लागला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांच्यानंतरचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी सवलत परत आणली: ३ लाखांपर्यंत शून्य, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के. अट कडक. जगात कुठेही, अगदी वारशाने मिळालेलंसुद्धा, घर आधी नावावर झालेलं नको. जोडप्याने मिळून घेतलं तर दोघांनाही हीच अट. ‘ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी’ या अर्थसंकल्पाचे स्वतंत्र अंदाज देणाऱ्या संस्थेने त्याच दिवशी अंदाज दिला की किमती सुमारे ०.३ टक्के वाढतील आणि खरा फायदा आधीच्या घरमालकांनाच होईल. मला हा अंदाज पटतो: विक्रेत्यालाही ठाऊक असतं की ग्राहकाच्या खिशात चार पैसे उरलेत.

स्कॉटलंडने २०१८ मध्ये आपली वेगळी, लहानशी सवलत आणली. वेल्सने दिलीच नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये मर्यादा ४,२५,००० आणि ६,२५,००० झाल्या, १ एप्रिल २०२५ ला पुन्हा ३ आणि ५ लाखांवर आल्या. पाच लाखांच्या वर सवलत पूर्ण जाते. म्हणजे पहिलं घर ५ लाखांना घेतलं तर कर १०,००० पौंड, आणि एक पौंड जास्त दिला तर १५,०००. ऑस्बर्न यांनी मोडलेली पायरी पहिल्या घरापुरती परत बांधली गेली आहे.