थिसियसची हाडं

थिसियस म्हणजे ग्रीक दंतकथांमधला अथेन्सचा राजा. त्याला वीर म्हणावं का, हा वाद आपण घालतो तो आजच्या अर्थाने. मूळ ग्रीक शब्द ‘हेरॉस’. त्याला चारित्र्याचा दाखला लागत नसे. मेल्यानंतरही ज्याचा प्रभाव सरत नाही, ज्याच्या थडग्यापाशी बळी द्यायचा, तो हेरॉस. वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर लावताना आपणही त्या माणसाचं वागणं कुठे तपासतो?

थिसियसचे अपराध लहान नाहीत. क्रीट बेटावरच्या चक्रव्यूहात बैलाच्या तोंडाच्या राक्षसाला मारून तो बाहेर पडला तो तिथल्या राजकन्येने, अ‍ॅरिअ‍ॅडनीने दिलेल्या दोऱ्यामुळे, आणि तिलाच त्याने परतीच्या वाटेत दुसऱ्या बेटावर सोडून दिलं. त्याची बाजू सावरणाऱ्या कथाही ग्रीकांनी रचल्या, पण मला त्यातली एकही पटत नाही. पुढे वयात न आलेल्या हेलनला त्याने पळवलं. बायको फीड्राच्या खोट्या आरोपाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पोटच्या पोराला, हिपोलिटसला, शाप दिला. इ.स.पू. 428 मध्ये नाटककार युरिपिडीसने हे अथेन्सच्याच रंगमंचावर दाखवलं आणि पहिलं बक्षीस मिळवलं.

म्हणजे अथेन्सवाल्यांना सगळं ठाऊक होतं. तरीही इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत (इ.स.पू. 490) थिसियस आपल्यापुढे शत्रूवर धावून जाताना दिसला, असं अनेक सैनिक सांगत. इ.स.पू. 475 च्या सुमारास सेनापती किमोनने स्कायरॉस बेटावर त्याचं थडगं शोधलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, एका टेकाडाची माती गरुड चोचीने उकरत होता. तिथे खणल्यावर धिप्पाड माणसाची शवपेटी, शेजारी काशाचा भाला आणि तलवार निघाली. बेट जिंकणाऱ्या किमोनला हा शोध राजकीयदृष्ट्या सोयीचा होता, हे उघड आहे. पण हाडं अथेन्सला पोचली तेव्हा लोकांनी मिरवणूक काढली, जणू राजाच घरी परतला होता.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती अथेन्सच्या ऑस्कोफोरिया सणातली रीत. जिवंत परतलो तर जहाजावर पांढरं शीड चढवायचं, असं ठरलं होतं; क्रीटहून येताना थिसियस ते विसरला. काळं शीड पाहून पोरगा गेला असं समजून त्याच्या म्हाताऱ्या बापाने, एजियसने, कड्यावरून उडी टाकली. म्हणून या सणात दवंडीवाला माळ स्वतःच्या डोक्यावर घालत नसे, काठीला गुंडाळत असे. देवाला मद्य वाहताना जमलेले लोक आधी ‘एलेलेउ’ असा जयघोष करत आणि लगेच ‘इऊ इऊ’ असा आकांत. विजय त्याचा आणि चूकही त्याचीच; दोन्ही एका दमात, दर वर्षी. एवढी प्रामाणिक आठवण फार कमी वीरांच्या वाट्याला आली असेल.

या अर्थाने तो वीर होता, असं मी म्हणेन. आदर्श म्हणणार नाही; अ‍ॅरिअ‍ॅडनीला विसरून ते जमणार नाही.

हाडं अथेन्सच्या मध्यभागी पुरली गेली. प्लुटार्क लिहितो, मालकाच्या जाचाला कंटाळून पळालेले गुलाम आणि बड्यांच्या धाकातली गरीब माणसं आसऱ्याला त्या थडग्यापाशी येत.